ऊसतोड मजुरांच्या हातावरची चीर आणि लेप्टोचा ताप

सांगली-साताऱ्याच्या कृष्णाकाठी हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पहाटेच फडात उतरतात. त्या वेळी पाचट दवाने भिजलेले असते आणि पाणी उशिरा तोडले असेल, तर सरीत चिखलही असतो. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असल्यामुळे डाव्या हाताने ऊस धरून कोयता चालवताना मनगटावर बारीक चिरा पडतच राहतात. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टोचा ताप आणणाऱ्या लेप्टोस्पायरा या जिवाणूला शरीरात शिरायला तेवढी वाट पुरते.

मळसूत्रासारखा पिळदार असलेला हा जिवाणू उंदरांच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो, त्यांच्या लघवीवाटे बाहेर पडतो आणि ओल्या मातीत किंवा साचलेल्या पाण्यात कित्येक आठवडे तग धरतो. उसाच्या फडात उंदरांना खाणे, आडोसा आणि ओल असे सगळेच मिळते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये 1930 च्या दशकात ऊसतोड कामगारांत हा आजार इतका पसरला, की तोडणीपूर्वी फड जाळावा या मागणीसाठी 1935 मध्ये त्यांनी संप केला. तो उपाय आपल्याकडे करावा असे मला वाटत नाही, कारण त्यात जमिनीच्या हक्काचे पाचट जाते आणि धूर मजुरांच्याच छातीत भरतो. पण ताप कामातून येतो हे त्या मजुरांनी ठामपणे मांडले, हे फार मोलाचे आहे.

आपल्याकडे हा धागा सहज तुटतो. लागण झाल्यावर ताप यायला 2 ते 30 दिवस लागतात आणि तोवर टोळी दुसऱ्या गावी गेलेली असते. डोळे लाल होतात, पोटऱ्यांना हात लावू देववत नाही. मजुराला मात्र मोळ्या वाहून अंग दुखते आहे असेच वाटते. पहिल्या काही दिवसांत रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी ‘काम काय करता?’ हे आधी विचारले पाहिजे, कारण प्रतिजैविके वेळेत मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात आणि उशीर झाला तर मूत्रपिंडे, यकृत व फुप्फुसे निकामी होऊ शकतात.

2019 आणि 2021 च्या महापुरानंतर सांगलीत गाळ उपसणाऱ्या सफाई कामगारांपुढेही हाच धोका होता. अशा थोड्या दिवसांच्या कामात डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आजार टाळण्यासाठी देता येते. गरोदर स्त्रियांना ते चालत नाही. महिनोन्‌महिने चालणाऱ्या ऊसतोडीत मात्र भर गमबुटांवर, खोपीजवळच्या साबण-पाण्यावर आणि जखमेवरच्या जलरोधक पट्टीवर द्यावा लागेल. गुळगुळीत रबरी हातमोज्यातून ओला ऊस निसटतो, त्यामुळे तळवा खरबरीत असलेलेच मोजे हवेत, आणि हे सारे मजुराच्या उचलीतून कापून न घेता कारखान्याने हंगामाच्या पहिल्याच दिवशी, नवरा-बायको दोघांनाही, द्यायला हवे.