विलापिका (मराठी कवितेतील)

मृत्यूने किंवा कायमच्या ताटातुटीने झालेल्या हानीवर रचलेली कविता म्हणजे विलापिका. शोकगीत, शोककाव्य ही नावेही रूढ आहेत. ‘एलेजी’ या इंग्रजी प्रकाराशी मराठी कवींची ओळख एकोणिसाव्या शतकात झाली. गेलेल्या माणसाचे दुःख छंदात मांडण्याची मराठी रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. ती अभंगात आहे, जात्यावरच्या ओवीत आहे आणि शाहिरी गाण्यातही आहे. या सर्व प्रकारांत रचनेचे वळण मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: कवी कोणाशी बोलतो आहे? गेलेल्याशी, देवाशी, मागे राहिलेल्यांशी की स्वतःशी? संबोधन बदलले की प्रतिमा, क्रियापदे आणि शेवट सारेच बदलते.

संस्कृत काव्यशास्त्राने आखलेली सीमारेषा आजही उपयोगी पडते. भेटीची आशा उरली असेल तर तो विप्रलंभ शृंगार, म्हणजे विरहातले प्रेम. आशा पुरती तुटली असेल तर करुण रस, आणि त्याचा स्थायीभाव (मुळाशी असलेला कायमचा भाव) शोक. ‘मेघदूता’तल्या यक्षाचा शाप वर्षाचा आहे, म्हणून ते विरहकाव्य ठरते. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात फुलांची माळ अंगावर पडून इंदुमती मरते, तेव्हा तिचा पती राजा अज करतो तो विलाप. हा अजविलाप आणि ‘कुमारसंभवा’च्या चौथ्या सर्गातला रतिविलाप हे दोन्ही कालिदासाने वियोगिनी वृत्तात बांधले. या वृत्ताचे विषम चरण 10 अक्षरांचे (स, स, ज हे तीन-तीन अक्षरांचे गण, शेवटी ग म्हणजे गुरू) आणि सम चरण 11 अक्षरांचे (स, भ, र, मग ल म्हणजे लघु आणि ग) असतात. मात्रा मोजल्या तर 14 आणि 16. पहिला चरण आखूड पडतो, दुसरा थोडा लांबतो, त्यामुळे म्हणताना दर दोन चरणांमागे एक दीर्घ उसासा आपोआप येतो. अज याच चालीत इंदुमतीची नाती मोजतो: गृहिणी, सल्लागार, एकांतातली सखी, कलांमधली लाडकी शिष्या. एका माणसाबरोबर किती माणसे गेली याची ही मोजदाद पुढच्या असंख्य विलापांचा पाया झाली.

मराठीतील सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे नामदेवांच्या नावावर असलेले समाधीचे अभंग. शके 1218 मध्ये, म्हणजे 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. या अभंगांत आक्रोशाच्या आधी कामे येतात. नामदेवांची मुले समाधीची जागा झाडायला जातात, आत तुळस, बेल, दुर्वा, दर्भ अंथरले जातात. हा तपशील सावकाश, क्रमाने सांगितलेला असल्यामुळेच ‘नामा म्हणे आता लोपला दिनकर’ ही ओळ येते तेव्हा तिला वजन असते. सूर्य मावळल्याची प्रतिमा नामदेवांच्या काळीही नवी नव्हती. तिला बळ मिळते ते आधीच्या झाडलोटीतून, आणि लगेच पुढे येणाऱ्या ‘बाप ज्ञानेश्वर’ मधल्या ‘बाप’ या घरगुती शब्दातून.

निवृत्तिनाथांचे दुःख सांगणारी ओळ अशी:

बांधल्या पेंढीचा सुटलासे आळा ।
तृण रानोमाळा पांगलेसें ॥

मोठ्या अभंगाचा हा चोख साचा आहे: 6, 6, 6 आणि शेवटी 4 अक्षरे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. आळा म्हणजे पेंढीला आवळून बांधलेला बंध. पहिल्या दोन चरणांत तो सुटतो, तिसऱ्यात गवत रानोमाळ होते आणि चार अक्षरांच्या शेवटच्या चरणात श्वास तुटतो. दुःख, शोक, अश्रू यांपैकी एकही शब्द ओळीत नाही. चार भावंडांना एकत्र धरून ठेवणारे काय होते हे त्या एका बंधातून कळते. याच प्रकरणात धाकटे थोरल्याच्या आधी गेल्याची तक्रार आहे. नारायणाने उफराटे केले, वळचणीचे पाणी आढ्याला चढले. पावसाचे पाणी आढ्यावरून वळचणीकडे यायचे, हा छपराखाली राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असलेला क्रम इथे मोडलेला आहे. ज्ञानेश्वर, सोपान आणि मुक्ताबाई ही तिन्ही धाकटी भावंडे काही महिन्यांत गेलेली पाहणाऱ्या थोरल्या भावाच्या तोंडी याहून नेमके बोलणे सापडणे कठीण.

तुकारामांची वाट वेगळी. ‘बाप मेला न कळतां’ या अभंगात बाप, बायको, मूल, आई यांचे मृत्यू एकामागून एक सांगितले जातात आणि बोलणे सगळे विठोबाशी आहे. ‘पोर मेलें बरें जालें’ हे वाचून हा अभंग निव्वळ वैराग्याचा मानला जातो. तो समज अपुरा आहे. मृत्यूंची यादी इतक्या उघड्या शब्दांत देवासमोर मांडली जाते की ‘बरें जालें’ हे सांत्वन आहे की जाब, हे वाचणाऱ्याला दर वेळी नव्याने ठरवावे लागते. छोट्या अभंगाची 8–8 अक्षरांची तोकडी चाल रडायला जागाच ठेवत नाही.

बायकांच्या ओवीत मृत्यू बहुधा वाटेच्या आणि घराच्या खुणांनी येतो. आई गेली म्हणजे माहेरची वाट सरली, भावाच्या घरी आता भावजयीचा शब्द चालतो, नवऱ्याआधी ‘अहेव मरण’ यावे म्हणजे हिरवा चुडा घालून जाता येईल. ओवी जात्याच्या फेऱ्यावर म्हटली जाते, म्हणून ‘बाई’, ‘सांगते बाई तुला’ अशी भर गाताना पडते. लिहून घेताना ही भर गाळली तर ओवी आटोपशीर दिसते खरी, पण ऐकणारी सोबतीण तिच्यातून नाहीशी होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या 1 लाखांहून अधिक ओव्यांच्या संग्रहात हे संबोधन ठिकठिकाणी टिकून आहे.

याच परंपरेतून आलेल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) वैधव्याबद्दल म्हणतात:

लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली

कुंकवाने नशिबाची रेघ झाकली होती, कुंकू पुसले आणि ती दिसू लागली. नवऱ्याचा उल्लेख नाही, मृत्यूचा नाही. कपाळावरची दोन बोटे जागा तेवढी आहे.

शोकसभेत वाचायला किंवा स्मरणिकेत छापायला म्हणून रचलेल्या कविता फसतात त्या बहुधा ठरलेल्या जागी. पहिली जागा विशेषणांची: ‘थोर’, ‘प्रेमळ’, ‘अजातशत्रू’ ही कोणालाही लागू पडतात, म्हणून त्यांतून माणूस दिसत नाही. त्याचा चष्मा, हाक मारायची पद्धत, अर्धवट राहिलेले एखादे काम यांतून दिसतो. दुसरी जागा घाईच्या सांत्वनाची. दुसऱ्याच कडव्यात ‘आठवणींत अमर’ आले की हानी नोंदवण्याआधीच मिटवली जाते. तिसरी चूक संबोधनाची: सुरुवात ‘तू गेलास’ने होते आणि मधेच ‘ते महान होते’ येते, बोलणारा जवळचा की परका हे मग कळत नाही. वृत्ताची चूकही मोठी असते. भुजंगप्रयाताची (य गण चार वेळा) एकसारखी पावले ‘मनाच्या श्लोकां’तल्या उपदेशाला शोभतात, शोकाला ती फार ठाम पडतात. शिवाय गणात बसवण्यासाठी ‘हा’, ‘तो’, ‘बा’ अशी ठिगळे लागतात आणि तिथेच ओळ विरते.

आधुनिक कवितेत राम गणेश गडकरी यांनी ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिलेली ‘राजहंस माझा निजला’ ही कविता ठळक आहे. मांडीवरचे मूल गेले आहे हे आई मानतच नाही. ते झोपले आहे, आवाज करू नका, असे ती भोवतालच्यांना बजावते. धृपद पुनःपुन्हा येते आणि दर वेळी तिचे म्हणणे अधिक असह्य होत जाते, कारण वाचकाला ठाऊक असलेले सत्य ती उच्चारत नाही. भा. रा. तांबे यांची ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ आणि सुरेश भट यांची ‘इतकेच मला जाताना’ या रचनांत कवी स्वतःच्याच मरणाकडे पाहतो. इंदिरा संत यांचे पती ना. मा. संत 1946 मध्ये गेले. 1951 च्या ‘शेला’पासून पुढच्या त्यांच्या कवितेत हरवलेल्या ‘तू’शी चाललेले बोलणे पाऊस, फुले, संध्याकाळ यांच्या आडून ऐकू येते.

सामूहिक शोकात संबोधन मागे राहिलेल्यांकडे वळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 6 डिसेंबर 1956 रोजी निधन झाले. त्यांच्या स्मरणात अण्णा भाऊ साठे यांनी रचलेल्या ‘जग बदल घालुनी घाव’ या गाण्यात गेलेला माणूस काहीतरी सांगून गेला आहे, आणि सारे गाणे त्या सांगण्याचे आहे. गुलामगिरीच्या चिखलात रुतलेल्या ऐरावताला अंग झाडून बाहेर निघायला ते सांगते. विलापाचे रूपांतर आज्ञेत झाल्यामुळे हे गाणे पुण्यतिथीला म्हटले जाते तसेच जयंतीच्या मिरवणुकीतही म्हटले जाते.