सायबेरियन क्रौंच चिखलात काय शोधतो?

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात सायबेरियन क्रौंचांची शेवटची जोडी 2001-02च्या हिवाळ्यात दिसली. 1960च्या दशकात तिथे दोनशेच्या आसपास क्रौंच यायचे. स्थलांतराच्या वाटेवर अफगाणिस्तान-पाकिस्तानात होणारी शिकार हे ऱ्हासाचं मोठं कारण. पण या पक्ष्याचं खाणं नीट तपासलं, तेव्हा आणखी एक अडचण समोर आली.

हिवाळ्यात हा क्रौंच मुख्यतः पाणवनस्पतींच्या कंदांवर जगतो. उथळ पाण्यात उभा राहून डोकं चिखलात खुपसतो आणि एकाच जागी बराच वेळ खणत राहतो. चोचीच्या कडांना बारीक दाते असतात, त्यामुळे बुळबुळीत कंद निसटत नाही. अभ्यासक दुर्बिणीतून घास मोजतात. मग तिथला चिखल काढून चाळणीत धुतात आणि कंद किती उरले ते पाहतात. पाण्याची खोली मोजणं तितकंच गरजेचं, कारण चोच पोचली नाही तर भरपूर कंद असूनही पक्षी उपाशी.

भरतपूरला ते लव्हाळ्याच्या जातीतल्या वनस्पतींचे कंद खात. 1982मध्ये उद्यानात गुरं चारायला बंदी झाली. विरोध पेटला, गोळीबारात माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसलं की म्हशी चरायच्या थांबल्यावर पास्पालम गवत माजलं आणि त्याने उथळ पाणी व्यापलं. म्हशी पाणथळीच्या शत्रू आहेत हे गृहीतच चुकीचं होतं. त्याची किंमत पक्ष्यांइतकीच गावकऱ्यांनीही मोजली, आणि हे मला फार अस्वस्थ करतं.

आज जगातले जवळजवळ सगळे सायबेरियन क्रौंच हिवाळ्यात चीनमधल्या पोयांग सरोवराच्या परिसरात उतरतात. तिथे त्यांचं आवडतं खाणं म्हणजे व्हॅलिस्नेरियाचे कंद. ही वनस्पती पाण्याखाली वाढते, तिला ऊन लागतं. 2010च्या उन्हाळ्यात पूर आला, कंद धरलेच नाहीत. त्या हिवाळ्यात क्रौंच गवताळ कुरणांत उतरून वेगळेच कंद खणताना दिसले; पुढे कमळाच्या आणि भाताच्या शेतांतही जाऊ लागले. नानचांगजवळ कमळाची काही शेतं आता त्यांच्यासाठीच राखली जातात.

पोयांगच्या मुखाशी पाणी अडवायचा प्रस्ताव अनेक वर्षं चर्चेत आहे. हिवाळ्यात तिथलं पाणी उंच राखलं, तर क्रौंचांना चरता येईल असा उथळ पट्टा किती उरेल, हा अभ्यासकांचा पहिला प्रश्न असतो.