ब्लॉकचेन बसवली की भेसळ संपली? खुलासा

ब्लॉकचेन म्हणजे अनेक कंपन्यांची सामाईक डिजिटल चोपडी; मालाचा प्रवास तिच्यात टप्प्याटप्प्याने नोंदवता येतो. ‘ब्लॉकचेनमधली नोंद बदलता येत नाही, म्हणजे माल अस्सलच’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षं फिरतंय. पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा. दुसरा मात्र नाही. कर्नाटकी आंबा देवगडच्या पेटीत भरून कोणी वर क्यूआर कोड चिकटवला, तर ब्लॉकचेन ते खोटंही तितक्याच इमानाने जपून ठेवते. पेटीत हात घालून ती बघत नाही.

मग हे तंत्रज्ञान व्यवसायात रुजतं कशाने? गंमत म्हणजे गाजलेलं उदाहरणही आंब्याचंच. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने चिरलेल्या आंब्याच्या एका पाकिटाचा शेतापर्यंत माग काढायला सांगितलं, तेव्हा जवळपास 7 दिवस लागले. आयबीएम या संगणक कंपनीसोबतच्या ब्लॉकचेन चाचणीत 2.2 सेकंद. पण पुरवठादार या आकड्यावर भाळून आले असं नाही. 2018 मध्ये वॉलमार्टने पालेभाज्यांच्या पुरवठादारांना ब्लॉकचेनवर यायला सरळ मुदतच घालून दिली. मोठं गिऱ्हाईक सांगतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

उलट बाजूला ट्रेडलेन्स. मर्स्क ही बडी जहाज कंपनी आणि आयबीएम यांचं जहाजी मालवाहतुकीसाठीचं हे ब्लॉकचेन व्यासपीठ 2022 मध्ये बंद करायचं ठरलं. तंत्र चालत होतं. जगभरच्या उद्योगाची पुरेशी साथच मिळाली नाही. आणि प्रतिस्पर्ध्याच्या चोपडीत आपला हिशेब कोण राजीखुशीने लिहील?

बाकी खर्च कोणी करायचा, सगळ्यांचे कोड एकसारखे आहेत का, गोदामात स्कॅनर धरणाऱ्या पोऱ्याला कोणी शिकवलं का, असले रटाळ प्रश्न आधी सुटावे लागतात.