ताईचे ३, माझे २१

गेल्या महिन्यात ताईने एका संस्थेचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. बडोद्यातलं दांडिया बाजारातलं आमचं घर, जेवणं आटोपलेली, नुकतंच पुसलेलं टेबल. अर्जात एक चौकट होती: एच-इंडेक्स. "एवढं काढून दे रे," ती म्हणाली. लॅपटॉपवर तिचं नाव टाकलं, आकडा आला ३. माझा २१ आहे. मी रसायनशास्त्रात वीस वर्षं आहे, ती संस्कृत पोथ्यांच्या पाठचिकित्सेत, म्हणजे पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवण्याच्या कामात, तीस. "तीन म्हणजे फार कमी का?" तिने विचारलं. तिला धड उत्तर देता आलं नाही म्हणून हे लिहितोय.

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये एका लेखात मांडला. आपले शोधनिबंध सायटेशनच्या, म्हणजे इतरांच्या निबंधांत त्यांचा किती वेळा संदर्भ आला त्या संख्येच्या, उतरत्या क्रमाने लावायचे. ज्या क्रमांकाच्या निबंधाला निदान त्या क्रमांकाइतकी सायटेशन्स आहेत, असा सर्वात मोठा क्रमांक म्हणजे एच. समजा ४०, १८, ९, ६, ५, २ अशी सायटेशन्स आहेत. पाचव्या निबंधाला ५ मिळालीत, सहाव्याला ६ मिळालेली नाहीत. म्हणून एच ५. एकाच गाजलेल्या निबंधाने तो फुगत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण जीवशास्त्रज्ञांचे आकडे भौतिकशास्त्रज्ञांपेक्षा बरेच मोठे येतात, हे हिर्श यांनी त्याच लेखात नोंदवलं होतं. अर्जांच्या चौकटीत ते कुठेच उतरलं नाही.

असं का होतं? पुष्कळांना वाटतं, ज्या विषयात माणसं जास्त तिथे सायटेशन जास्त. हिशेब तसा नाही. एखादा विषय बंद खोलीसारखा धरा. आतल्या प्रत्येक निबंधाने सरासरी ४० संदर्भ दिले, तर प्रत्येक निबंधाला सरासरी ४०च मिळणार, मग खोलीत शंभर जण असोत की लाख. सरासरी ठरते ती संदर्भयादीच्या लांबीवर. माणसांची संख्या वाढली की उंचावतं ते फक्त शिखर, म्हणजे सर्वात गाजलेल्या निबंधाचा आकडा. पेशीजीवशास्त्रातल्या याद्या लांबलचक, गणितातल्या आखूड, आणि गणितज्ञ पन्नास वर्षांपूर्वीचं प्रमेयही आजच्याइतक्याच सहजपणे उद्धृत करतो. त्यामुळे दोन-पाच वर्षांच्या खिडकीतून मोजलं की गणित दुबळं दिसतं.

मोठ्या आकड्याचा अर्थ मोठा शोध, असंही नाही. सर्वाधिक सायटेशन मिळालेला निबंध म्हणजे ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१चा, नमुन्यातलं प्रथिन मोजण्याच्या पद्धतीचा. तीन लाखांहून जास्त सायटेशन्स! ती पद्धत प्रयोगशाळेत रोज लागते, म्हणून. दुसरीकडे २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरचा एक निबंध निघाला. त्याचे लेखक ५,१५४. साध्या मोजणीत प्रत्येकाच्या खात्यावर तो पूर्ण एक निबंध म्हणून जमा.

यावरचा उपाय माहीत आहे. निबंधाची तुलना त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या निबंधांच्या सरासरीशी करायची. गणितातल्या निबंधाला १२ सायटेशन्स आणि तिथली सरासरी ६, तर गुणोत्तर २. जीवशास्त्रातल्या निबंधाला ४० आणि सरासरी ५०, तर ०.८. बारावाला चाळीसवाल्याच्या पुढे गेला. सरासरीलाही दोन-चार गाजलेले निबंध वर ओढतात, म्हणून 'आपल्या विषयातल्या वरच्या दहा टक्क्यांत किती निबंध' हे माप मला अधिक भरवशाचं वाटतं.

पण ताईच्या बाबतीत हेही कामाचं नाही, आणि मला खरी खंत आहे ती इथे.

आमच्याच गावचं उदाहरण घ्या. इथल्या प्राच्यविद्या मंदिराने १९५१ मध्ये वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सित आवृत्तीचं काम हाती घेतलं. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी अशा लिप्यांतल्या पोथ्या ओळीओळीने ताडून पाहायच्या, कोणता पाठ मूळच्या जवळचा ते ठरवायचं, उरलेले पाठभेद तळटीपांत द्यायचे. सात कांडांचे सात खंड. शेवटचा १९७५ मध्ये निघाला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रेसने काढलेलं रामायणाचं इंग्रजी भाषांतर याच आवृत्तीवर उभं आहे. आता या आवृत्तीतला श्लोक उद्धृत करताना अभ्यासक काय लिहितो? कांड, सर्ग, श्लोक. तीन आकडे. संपादकांचं नाव त्यात नसतं, आणि संगणकाला ते सायटेशन दिसतच नाही. संस्कृत, मराठी, गुजरातीतली कितीतरी नियतकालिकं सायटेशन मोजणाऱ्या मोठ्या सूचींत नाहीत, पुस्तकांतले संदर्भ अर्धेमुर्धेच पोचतात. जे सूचीत शिरलंच नाही, त्याची सरासरी काढणार कशी?

संशोधनाचं मोजमाप कसं करावं यावरच्या २०१५च्या लायडन जाहीरनाम्यात हे स्पष्ट म्हटलंय: आकडे तज्ज्ञांच्या पारखीच्या जोडीला असावेत, तिच्या जागी नसावेत, आणि स्थानिक महत्त्वाचं संशोधन जपावं. निवड समितीत बसणाऱ्यांनी अर्जदाराची निदान चार पानं वाचावीत, एवढी माझी मागणी आहे.

त्या रात्री ताईने चौकटीत ३ लिहिलं आणि सोबत आपल्या संपादनातलं एक पान जोडलं. वर दोन श्लोक, खाली बारीक टायपात एकोणीस ओळी पाठभेदांच्या. मग चष्मा पुसून ती पुन्हा पोथीच्या फोटोकडे वळली. देवनागरी पोथ्यांत च आणि व पुष्कळदा सारखेच दिसतात. एका अक्षरावर बोट ठेवून तिने मला विचारलं, "तुला काय वाटतं, च की व?"