वन्यजीव कम्युनिकेशनची इंटर्नशिप: कोल्हापुरातून अर्ज कसा करायचा, काय काय जोडायचं

परीक्षा संपत आली की पोरांचा ठरलेला प्रश्न, वनविभागाच्या इंटर्नशिपचा फॉर्म कुठं मिळतो? फॉर्मची वाट बघत बसू नका. पोस्टर, रील, बातमी, शाळेतले कार्यक्रम असल्या कामासाठी बहुतेक वेळा आपणच अर्ज लिहून घेऊन जायचा असतो, आणि तो कुणाच्या नावानं लिहायचा इथंच गडबड होते.

आपलं बरं आहे, ऑफिसं गावातच आहेत. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झाला, त्याच्या क्षेत्र संचालकांचं ऑफिस कोल्हापुरातच आहे. राधानगरी-दाजीपूर अभयारण्यासाठी वन्यजीव विभाग. पण उसात गवा शिरला किंवा चंदगड-आजऱ्यात हत्ती उतरला तर ते बघतो प्रादेशिक वनविभाग, म्हणजे उपवनसंरक्षकांचं ऑफिस. तेव्हा आधी विषय ठरवा, मग पत्ता लिहा. वाघावर काम करायचंय आणि अर्ज प्रादेशिकला दिला तर तो या टेबलावरनं त्या टेबलावर फिरत बसणार आणि तुमची सुट्टी संपणार. सरकारी सोडून संस्थांकडंही जाता येतं, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, 1883 पासूनची, मुंबईची) आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ इंडिया ह्या निसर्ग-संवर्धनाचं काम करणाऱ्या संस्था विद्यार्थ्यांना घेतात, त्यांचं मात्र ऑनलाईन चालतं, सीव्ही आणि कामाचे नमुने मेल करायचे.

पात्रतेचं फार अवघड नाही. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला किंवा एमए-एमएस्सीला असाल तर चालतं, आणि प्राणीशास्त्रच पाहिजे असं काही नाही, जर्नालिझम, पर्यावरणशास्त्र, फाईन आर्ट, अगदी बीसीएवाला पण चालतो जर त्याला व्हिडिओ एडिटिंग येत असेल तर. वय 18 च्या आत असेल तर पालकांचं संमतीपत्र लागतं. एक घोळ मात्र बऱ्याच जणांचा होतो: मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 साली आली, महिन्याला 6 ते 10 हजार विद्यावेतन, पण ती शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी नव्हती. कॉलेजात शिकत असताना तिकडनं जाता येईल असं धरून चालू नका, आणि सरकारी ऑफिसात स्टायपेंड मिळेलच असंही नाही, एसटीचा खर्च घरूनच धरा.

आता कागदं. कॉलेजचं बोनाफाईड, विभागप्रमुखांचं शिफारसपत्र (त्यात किती तासांचं काम आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत हे स्पष्ट पाहिजे), आधारची झेरॉक्स, मागच्या सेमिस्टरचं मार्कशीट, एक पानी सीव्ही, दोन पासपोर्ट फोटो. फिल्डवर जायचं असेल तर मेडिकल फिटनेस आणि कॉलेजचा विद्यार्थी अपघात विमा असेल तर त्याची प्रत जोडा, कुणी मागितली नाही तरी जोडा, साहेबांची निम्मी काळजी तिथंच मिटते. अर्जावर 'मार्फत: विभागप्रमुख' लिहून सही-शिक्का घ्यायचा. दोन प्रती न्यायच्या, एक आवक-जावक टेबलावर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर मारून घ्यायचा, नुसतं 'ठेवून जा' म्हणाले तर हलू नका. नंतर फोन केला की पहिला प्रश्न आवक नंबरचाच असतो.

ह्या सगळ्यात खरं वजन कशाला असेल तर नमुन्याच्या कामाला, आणि पोरं तिथंच कंटाळा करतात. 'निसर्ग वाचवा, पृथ्वी वाचवा' लिहून वाघाचा नेटवरला फोटो चिकटवला की झालं असं वाटतं. त्यापेक्षा करवीर-पन्हाळ्याच्या एखाद्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरेल असं एक पान करा: 'उसात गवा दिसलाय. जवळ जाऊ नका, त्याच्या मागं पळू नका, गाड्या आडव्या लावू नका, कुत्री बांधा. वाट मोकळी सोडली तर तो अंधार पडल्यावर जंगलाकडं वळू शकतो. वनविभागाच्या हेल्पलाईनला, 1926 ला फोन करा.' बास, एवढंच. 2020 च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला गवा आला आणि माणसांच्या गर्दीत, पळापळीत शेवटी तो मेला, त्यामुळं गर्दी आवरणारं साधं मराठी लिहिणारा माणूस वनविभागाला पाहिजेच असतो. माझ्या मते असं एक पान दहा सर्टिफिकेटांना भारी आहे.

आता महत्त्वाचं. इंटर्नशिपचं पत्र मिळालं म्हणजे अभयारण्यात कॅमेरा घेऊन फिरायची परवानगी मिळाली असं नाही हां. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 28 खाली अभ्यास, फोटोग्राफी, संशोधन यासाठी वेगळा परवाना असतो, तो मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अधिकारातला, आणि ते ऑफिस नागपूरला. तिथं जाऊन यायला कागदाला वेळ लागतो म्हणून शूटिंग लागणार असेल तर अर्जातच वेगळा परिच्छेद लिहा, कुठं, किती जण, कुठला कॅमेरा. ड्रोन मनात असेल तर काढून टाका. साप हातात धरून रील तर अजिबात नको, बिनापरवाना ते गुन्ह्यात जातं. आणि वाघाच्या फोटोवर लोकेशन टाकायचं नाही, हे पहिल्या दिवशीच सांगतात.

वेळेचं गणित असं, वन्यजीव सप्ताह 1 ते 7 ऑक्टोबर, तेव्हा ऑफिसला माणसं कमी पडतात, त्यासाठी जुलै-ऑगस्टला अर्ज आत गेला पाहिजे. पावसाळ्यात दाजीपूर पर्यटनाला बंद असतं त्यामुळं जून-जुलैची इंटर्नशिप म्हणजे टेबलावरचं काम, मजकूर लिहिणं, पोस्टर करणं, फोटो लावून ठेवणं असलंच.

एमए-एमएस्सीवाल्यांना एनईपीमुळं (नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) पहिल्या वर्षी 4 क्रेडिटचं ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आहे, 1 क्रेडिटला 30 तास म्हणजे 120 तास भरायला लागतात. त्यासाठी रोजची लॉगबुक ठेवा, तारीख, वेळ, काय काम केलं, आणि दर आठवड्याला ज्यांच्या हाताखाली आहात त्यांची सही, शेवटी एकदम सह्या मागायला गेलात आणि साहेबांची बदली झालेली असली तर बसा बोंबलत. सर्टिफिकेटवर तास आकड्यात लिहून घ्या, 'यशस्वीरीत्या पूर्ण केले' एवढ्यावर कॉलेज क्रेडिट देत नाही. आणि तुम्ही काढलेले फोटो, पोस्टर नंतर पोर्टफोलिओत वापरायला चालतील का हे सुरुवातीलाच लेखी विचारून घ्या.