डायबेटिक रेटिनोपॅथी : नर्सिंग केअर

बरीच वर्षं शुगर कंट्रोलमध्ये नसली की डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यातून पाणी नाहीतर रक्त झिरपायला लागतं, यालाच डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. सुरुवातीला दुखत नाही, दिसतंही नीट, त्यामुळे नाशिकजवळच्या निफाड-दिंडोरीकडचे काका "द्राक्षाची छाटणी आटोपली की येतो सिस्टर" म्हणतात आणि सीझन निघून जातो. टाइप 2 असेल तर डायबेटिस कळला की लगेच पडदा तपासायचा आणि मग साधारण दरवर्षी, हे त्यांच्या गळी उतरवणं हेच खरं तर नर्सचं पहिलं काम.

तपासणीला बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, मग काही तास धूसर दिसतं, म्हणजे बाईक चालवायची नाही. सुरगाणा-पेठवरनं पहाटेच्या एसटीने आलेली मावशी बऱ्याचदा शुगरची गोळी घेऊन उपाशीच निघालेली असते आणि लाइनीतच घाम फुटून थरथरायला लागते, म्हणून आधी खाल्लं का ते विचारायचं, शुगर 70 च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि 15 मिनिटांनी परत चेक.

डोळ्यात इंजेक्शन असेल तर कुठला डोळा ते पेपरवर आणि पेशंटच्या तोंडून, दोन्हीकडून पक्कं करतात. घरी गेल्यावर दुखणं वाढलं, लाली आली, नजर कमी झाली तर त्याच दिवशी परत यायचं, उद्यावर ढकलायचं नाही. मुंबईला ऑपरेशन करून डोळ्यात गॅस भरला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसारा घाट चढून नाशिकला यायचं नाही, उंचीवर गॅस फुगतो आणि डोळ्यातलं प्रेशर वाढतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र इन्सुलिन शिकवण्यात जातो आणि जायलाच हवा. आपल्याकडे 40 ची बाटली आणि 100 ची बाटली (म्हणजे एका मिलीत 40 किंवा 100 युनिट) अशा दोन्ही मिळतात, 40 ला लाल टोपणाची सिरिंज, 100 ला केशरी. अंधुक दिसणाऱ्याला लाल काय आणि केशरी काय, सारखंच, आणि 100 च्या बाटलीतलं औषध लाल सिरिंजने 20 रेघांपर्यंत भरलं की 20 च्या जागी थेट 50 युनिट पोटात. त्यामुळे घरात एकच प्रकार ठेवायला सांगतात, परवडत असेल तर पेन, त्याचे क्लिक मोजता येतात, नाहीतर सुनेला किंवा नातवाला समोर बसवून भरायला लावतात, नुसतं "समजलं का" विचारून सोडत नाहीत.

पायाचंही तसंच, तळव्याला बधिरपणा आणि वर नजर कमी, जखम कळतच नाही, म्हणून रोज रात्री घरातल्या कुणीतरी तळवे बघायचे.