डोळ्यात वाढलेलं मांस परत का येतं?

करवीर-शिरोळच्या उसाच्या फडात वर्षानुवर्षं भांगलण केलेल्या माणसाच्या डोळ्यात बरेचदा एक तिकोनी, लालसर पडदा दिसतो. नाकाकडून निघालेला, टोक बुबुळावर चढलेलं. लोक ‘मांस वाढलंय’ म्हणतात, डॉक्टर टेरिजियम. हा मोतीबिंदू नव्हे आणि कॅन्सरही नव्हे. तरी दिसायला असाच, पण क्वचित घातक निघणारा प्रकार असतो, म्हणून संशय आला की काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवतात.

मूळ कारण उन्हातले अतिनील किरण. धूळ-वारा त्यात भर घालतो. कानाकडून तिरपं आलेलं ऊन बुबुळाच्या गोलाईतून वळून नेमकं नाकाकडच्या कडेवर एकवटतं. म्हणून गॉगल बाजूनेही झाकणारा हवा.

पडदा न होता नुसता पिवळट उंचवटा बुबुळाच्या कडेलाच थांबला असेल तर सहसा कापत नाहीत. डोळा ओला ठेवणारे थेंब पुरतात. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाली घालवतात खरे, पण महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू होऊ शकतो. पडदा बाहुलीकडे सरकू लागला किंवा चष्म्याचा तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर वाढत गेला, की ऑपरेशन.

पडदा सोलून काढणं त्यातलं सोपं काम. खालचा पांढरा भाग उघडाच सोडला तर मांस पुन्हा त्याच वाटेने चढतं, काही पाहण्यांत निम्म्याहून जास्त डोळ्यांत. म्हणून त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखाली झाकलेल्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण काढून तिथे लावतात. हा तुकडा लसणाच्या पाकळीवरच्या पापुद्र्यासारखा, जागेपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर मोठा घेतात, कारण तो आकसतो. खालचा चिवट थर त्याला चिकटून आला तर आकसणं वाढतं. कापताच कडा गुंडाळतात आणि उलटसुलट कळत नाही, म्हणून आधीच शाईची खूण करतात. उलटा बसला तर धरत नाही. बसवायला बारीक टाके, फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) गोंद किंवा जागेवरच झिरपलेलं रक्त. रक्ताचा उपाय बिनखर्ची, पण पहिल्या दिवसांत डोळा चोळला की तुकडा सरकलाच! नीट बसला तर शंभरात साधारण पाच ते पंधरा जणांनाच मांस परत येतं, तेही बहुधा पहिल्या वर्षात.

पुढे महिना-दीड महिना डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करायचे, अधूनमधून डोळ्याचा दाब तपासायचा. मोतीबिंदूही असेल तर आधी मांस काढून एक ते तीन महिने थांबायचं. बुबुळाचा बाक बदललेला असतो आणि जुन्या मापावर बसवलेल्या लेन्सचा नंबर चुकतो.